बुरशी, उंदीर आणि मेणपतंगाची अळी

उंदराची शेपटी कोमट पाण्यात मिनिटभर धरली की तिच्या दोन्ही कडांच्या शिरा फुगून वर दिसू लागतात. त्यातल्या एकीत इन्शुलिनच्या सिरिंजची बारीक सुई जवळजवळ आडवी सरकवायची. सुई शिरेत असेल तर दट्ट्या अलगद पुढे जातो आणि शिरेतलं रक्त क्षणभर मागे सरून ती फिकी दिसते. सुई शिरेबाहेर असेल तर दट्ट्या अडतो आणि शेपटीवर पांढरा फुगवटा येतो. हे शिकायला लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. २००८ साल होतं आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला नुकतीच लागले होते. पहिल्या दिवशी सहापैकी पाच उंदरांच्या शेपटीवर मी फुगवटे उठवले.

सिरिंजमध्ये नुसतं सलाइन होतं, त्यामुळे उंदरांना मोठी इजा झाली नाही. पण ॲनिमल हाउस सांभाळणारे मामा शेजारी उभं राहून सगळं बघत होते. ते म्हणाले, "ताई, तुमचा हात कापतोय ते त्याला कळतंय. आधी धरायला शिका. टोचायचं नंतर."

पुढचे पंधरा दिवस मी सुईला हात लावला नाही. रोज सकाळी जाऊन मामांबरोबर पिंजरे बदलले, ऑटोक्लेव्ह केलेलं भाताचं तूस पसरलं, पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि उंदीर तळहातावर घ्यायला शिकले. वीस-बावीस ग्रॅमचा जीव. छातीचे ठोके बोटांना एकसारखी थरथर जाणवावी इतके जलद. त्याला हाताची सवय झाली की तो अंग सैल सोडतो. तो तसा सैल झाला की मगच मामा मान हलवायचे. पुढच्या पंधरा वर्षांत मी जे काही शिकले त्याची सुरुवात त्या पंधरा दिवसांत झाली.

माझा विषय होता कँडिडा ही यीस्ट जातीची बुरशी. नाव अनोळखी वाटलं तरी ती आपल्या घरातलीच आहे. धडधाकट माणसाच्या तोंडात, आतड्यात, बाईच्या योनिमार्गात ती अनेकदा असते आणि काही त्रास देत नाही. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दुधाच्या सायीसारखे पांढरे चट्टे येतात आणि पुसून जात नाहीत, ते बहुधा हिचे. मधुमेह असलेल्या बायकांना पुन्हा पुन्हा खाज सुटते, दह्यासारखं पांढरं जातं, त्यामागेही बऱ्याचदा हीच असते. हे त्रास हैराण करतात, पण जिवावर बेतत नाहीत. हीच बुरशी रक्तात शिरली की मात्र गोष्ट बदलते. औषध मिळूनही अशा रुग्णांतले बरेच दगावतात.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच आठवड्यात मला कँडिडा अल्बिकन्सची प्लेट हातात दिली होती. साबुरो अगरवर लोण्याच्या ठिपक्यांसारख्या मऊ, पांढुरक्या कॉलनी आणि झाकण उचललं की आंबवलेल्या पिठाचा वास. स्लाइडवर बघितलं तर गोल-लांबट पेशी, काहींना बाजूला कळी फुटलेली. मग मॅडम म्हणाल्या, "आता हिला थोड्या सीरममध्ये घाल, सदतीस अंशांवर ठेव आणि चहा पिऊन ये." दोन-अडीच तासांनी तीच स्लाइड पुन्हा पाहिली. प्रत्येक गोल पेशीतून एक नळी बाहेर आली होती, मुगाला मोड यावेत तशी. रक्तातला द्रव आणि शरीराची ऊब मिळताच बुरशीने रूप बदललं होतं. मी किती तरी वेळ डोळा काढला नाही.

अशा जंतूंना संधिसाधू म्हणतात. आपण हा शब्द माणसांसाठी शिवीसारखा वापरतो, पण वैद्यकात त्याचा अर्थ साधा आहे. आजार होणार की नाही हे जंतूपेक्षा ज्याच्या अंगात तो राहतो त्याच्या अवस्थेवर जास्त ठरतं. पांढऱ्या पेशी पुरेशा असतील, त्वचा आणि आतड्याचं अस्तर शाबूत असेल, आतड्यातले इतर जिवाणू आपापल्या जागी असतील, तर कँडिडा गप्प राहते. यातलं काही ढासळलं की ती हातपाय पसरते.

इथेच प्राण्यांची गरज सुरू होते. प्लेटवर बुरशीला अन्न असतं, ऊब असते, पण तिच्याशी लढणारं कोणी नसतं. औषध प्लेटवर बुरशी मारतं याचा अर्थ ते रक्तातून मूत्रपिंडापर्यंत पोहोचतं, यकृतात फुटत नाही आणि पेशंटला सोसतं असा होत नाही. फायझरच्या इंग्लंडमधल्या सँडविच इथल्या प्रयोगशाळेत फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सापडलं ते कँडिडाची लागण केलेल्या उंदरांवर एकामागून एक रसायनं तपासताना. १९९० मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि आज गावच्या मेडिकलमध्येही ती गोळी मिळते. आपल्या पिंपरीचाही या कामात वाटा आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास एका स्ट्रेप्टोमायसिसपासून हामायसिन हे बुरशीवरचं औषध वेगळं काढलं. त्या जिवाणूला त्यांनी पिंपरीचंच नाव दिलं, स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पुण्यात बसून बुरशीवर काम करताना मला या गोष्टीचा आधार वाटायचा. आपल्या पायाखालच्या मातीत हे काम आधी झालं होतं.

बुरशीचं रूप बदलणं रोगाला खरंच लागतं का, हा प्रश्नही उंदरांतच तपासावा लागला. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी कँडिडाचे दोन जनुक निकामी केले. त्या बुरशीला मोड फुटेनात. ती उंदरांच्या शिरेत सोडली आणि मूळ बुरशीने मरणारे उंदीर या बुरशीने मेले नाहीत. माझ्या पीएच.डी.चं काम याच धाग्यावर होतं. बुरशीच्या पेशीभित्तीतला एकेक भाग काढून टाकायचा आणि ती उंदरात किती टिकते हे बघायचं.

कँडिडा शिरेतून दिली की उंदरात ती मूत्रपिंडात ठाण मांडते. ठरलेल्या दिवशी उंदराला कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत शांत करायचं, मूत्रपिंडं काढून त्यांचं वजन करायचं, एक वाटून त्याचा रस दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करून प्लेटवर पसरायचा आणि दोन दिवसांनी कॉलनी मोजायच्या. दुसरं फॉर्मॅलिनमध्ये जपून त्याचे काप काढायचे. निरोगी मूत्रपिंड राजम्याच्या दाण्यासारखं गडद तांबूस आणि गुळगुळीत असतं. लागण झालेलं फिकं, सुजलेलं आणि वर मोहरीएवढे पांढरे ठिपके. कापावर पीएएसचा रंग चढवला की प्रत्येक ठिपक्याच्या आत किरमिजी धाग्यांचं जाळं आणि त्याभोवती पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. एवढ्याशा जागेत दोन्ही बाजू एकमेकींना भिडलेल्या मी कापागणिक पाहिल्या आहेत.

पण सगळ्याच प्रश्नांना शिरेतून बुरशी देऊन उत्तर मिळत नाही. माणसाला कँडिडा बाहेरून कोणी टोचत नाही. ती बहुतेक वेळा त्याच्याच आतड्यातून किंवा कातडीवरून, शिरेत बसवलेल्या नळीवाटे, रक्तात शिरते. तसं उंदरात करायचं म्हटलं तर पहिली अडचण अशी की प्रयोगशाळेतल्या उंदराच्या आतड्यात कँडिडा अल्बिकन्स मुळात राहतच नाही. तिथले जिवाणू तिला टिकू देत नाहीत. म्हणून आधी पाण्यातून अँटिबायोटिक देऊन ते जिवाणू मारावे लागतात. मग बुरशी पाजावी लागते. ती आतड्यातून रक्तात शिरावी म्हणून सायक्लोफॉस्फमाइड देऊन पांढऱ्या पेशी उतरवाव्या लागतात. तोंडातला संसर्ग अभ्यासायचा तर स्टेरॉइड द्यावं लागतं. योनिमार्गातला अभ्यासायचा तर इस्ट्रोजेन.

हे मी दोन वर्षं यंत्रासारखं केलं. एका संध्याकाळी पुढच्या आठवड्याच्या इंजेक्शनांचा तक्ता भरत होते. अँटिबायोटिक, सायक्लोफॉस्फमाइड, स्टेरॉइड. पेन थांबलं. हा तर वॉर्डातल्या पेशंटचा केसपेपर होता. कॅन्सरच्या पेशंटला सायक्लोफॉस्फमाइड लागतं, दम्याच्या आणि संधिवाताच्या पेशंटला स्टेरॉइड लागतं, न्यूमोनियाच्या पेशंटला भारी अँटिबायोटिक लागतं. आम्ही उंदरावर जे मुद्दाम करत होतो तेच दवाखान्यात जीव वाचवण्यासाठी करावं लागतं, आणि बुरशी दोन्हीकडे तीच वाट धरते. त्या तक्त्याने मला माझा विषय समजावला. माझं निम्मं काम बुरशीवर होतं आणि निम्मं माणूस दुबळा कसा होतो यावर.

आता २०१० मधली एक सकाळ सांगते. ती सांगायची म्हणूनच हे लिहायला बसले.

बारा उंदीर होते. सहांना मूळ बुरशी द्यायची, सहांना आमची नवी, पेशीभित्तीतला एक भाग काढलेली. बुरशी धुऊन घेतली, पेशी हिमोसायटोमीटरच्या चौकटीत मोजल्या. नव्या बुरशीच्या पेशी झुबक्याझुबक्यांनी दिसत होत्या. लेकपेशी आईपासून सुटत नव्हती, त्यामुळे द्राक्षाच्या घोसासारखे गठ्ठे झाले होते. मी ते पाहिलं. घोसातले दाणे जमतील तसे मोजले, आकडा काढला आणि पुढे गेले, कारण दहा वाजता ॲनिमल हाउसमध्ये पोहोचायचं होतं.

पहिले सहा उंदीर व्यवस्थित झाले. दुसऱ्या पिंजऱ्यातले पाच टोचून झाले, सहावा हातात घेतला, तेव्हा मामा म्हणाले, "ताई, थांबा." पिंजऱ्यातला पहिला उंदीर कुशीवर पडला होता, बरगड्या जोरात हलत होत्या. मग दुसरा. पाच-सात मिनिटांत पाचही गेले. सहावा माझ्या मुठीत होता, सैल अंगाने, विश्वासाने. तो मी परत पिंजऱ्यात ठेवला.

संध्याकाळी फुप्फुसं काढली. पुढच्या आठवड्यात काप रंगवून आले. बारीक रक्तवाहिन्यांमध्ये किरमिजी गठ्ठे बुचासारखे अडकले होते. ते उंदीर संसर्गाने मेले नव्हते. माझ्या घाईने त्यांच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या बुजल्या होत्या. तुलनेला दुसरा गटच उरला नाही म्हणून पहिले सहाही निरुपयोगी ठरले. बारापैकी अकरा जीव गेले आणि मला बुरशीविषयी एक ओळसुद्धा कळली नाही.

मी मॅडमच्या खोलीत जाऊन रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "अगं, वही कुठाय? सगळं लिही. गठ्ठे दिसले होते हेसुद्धा लिही. आजच लिही, उद्या तुझ्या मनात ते थोडं बदलेल." मी लिहिलं. किती वाजता मोजलं, काय दिसलं, का दुर्लक्ष केलं, कोणता उंदीर किती मिनिटांनी पडला. पुढे प्रबंधात त्याचं एक पान झालं. गठ्ठे सुटे कसे करायचे, गाळून कसे घ्यायचे, आणि प्रत्येक वेळी चौकटीतला आकडा प्लेटवरच्या कॉलनींशी ताडून बघितल्याशिवाय उंदराला हात लावायचा नाही, असं त्यात लिहिलं.

पाच वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. तिची बुरशीही अशीच गठ्ठे धरत होती. शोधता शोधता तिला माझं ते पान सापडलं आणि तिने प्रयोग थांबवला. ती म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे माझे अठरा उंदीर वाचले." अकरा गेले होते, अठरा वाचले. असा हिशेब मांडता येत नाही हे मला कळतं. तरी तो फोन मी विसरलेले नाही.

आपल्या देशात उंदरावर प्रयोग करायचा तर मनाला येईल तसा करता येत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची एक समिती आहे आणि प्रत्येक संस्थेत तिच्या नियमांनी चालणारी नीतिसमिती असते. तिच्यात पशुवैद्य असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो, केंद्राच्या समितीने नेमलेला माणूस असतो आणि शास्त्राबाहेरचा एक सामाजिक जाण असलेला सदस्यही असतो. त्या सकाळनंतरच्या बैठकीत या सदस्यबाई, निवृत्त शिक्षिका, यांनी मला विचारलं, "बाळ, उंदीर मरेपर्यंत थांबायचंच का? त्याच्या मरण्यातून तुला काय कळणार आहे?"

आमच्या पद्धतीत तोवर किती दिवसांत किती उंदीर मेले याचा आलेख असायचा. मी उत्तर शोधत बसले आणि लक्षात आलं की मला लागणारं सगळं तिसऱ्या-चौथ्या दिवशीच्या मूत्रपिंडात होतं. तेव्हापासून आम्ही मरणाची वाट बघणं सोडलं. रोज वजन करायचं, केस विस्कटलेत का, पाठ कुबडी झालीय का, हालचाल मंदावलीय का बघायचं, आणि वजन ठरलेल्या मर्यादेखाली गेलं की लगेच त्याची सुटका करायची. रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ च्या पुस्तकात तीन गोष्टी सांगितल्या होत्या. शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, कमीत कमी प्राणी वापरा, वेदना कमीत कमी करा. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्या बाईंच्या प्रश्नाने ते कामात उतरलं.

या तिन्हींतली पहिली गोष्ट, प्राण्याऐवजी दुसरं काही, मला माझ्या गावाने दिली. आमचं गाव जावळी तालुक्यात. माझे चुलते नाना सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचे. पावसाळ्यात पेटी उघडली की कधी कधी पोळ्यावर रेशमी जाळं पसरलेलं असायचं आणि मेण कुरतडणाऱ्या फिकट पिवळ्या अळ्या वळवळायच्या. ही मेणपतंगाची अळी. मधपाळाची जुनी वैरीण. लहानपणी मी नानांना विचारलं होतं की ही सगळ्या पेट्यांत का शिरत नाही. ते म्हणाले होते, "माश्या जोमात असल्या तर तिला ओढून बाहेर टाकतात. पेटी आधी दुबळी होते, अळी मागनं येते."

२०१३ मध्ये आमच्या प्रयोगशाळेत ठरलं की बुरशीच्या नव्या जाती उंदरात देण्याआधी याच अळीत तपासायच्या. जगभर हे सुरू झालं होतं. ही अळी सदतीस अंशांवर, माणसाच्या अंगातल्या उबेवर जगते, जे फळमाशीला किंवा सूत्रकृमीला जमत नाही. तिच्या रक्तातल्या काही पेशी आपल्या पांढऱ्या पेशींसारख्याच जंतू गिळतात. शेवटच्या डाव्या पायाच्या बुडाशी सूक्ष्म सिरिंजने दहा मायक्रोलीटर, म्हणजे थेंबाहून कितीतरी कमी, द्यायचं. अळी झुंजते तशी तिच्या अंगात काळा रंग धरू लागतो. आधी ठिपके, मग पट्टे. जोमदार बुरशी असेल तर दुसऱ्या दिवशी अळी शाईत बुडवल्यासारखी काळी होऊन निपचित पडते. दुबळी बुरशी असेल तर साईच्या रंगाचीच राहते आणि बोटाने उलटी केली की वळून सरळ होते.

पहिल्या अळ्या मी नानांच्याच पेटीतून आणल्या. पुढे कोंडा, मध आणि ग्लिसरीन कालवून त्यांचं खाणं लॅबमध्येच करू लागलो. खाणं करायच्या दिवशी सगळ्या मजल्यावर सणासारखा गोड वास सुटायचा. नाना एकदा पुण्यात आले तेव्हा त्यांना बरण्या दाखवल्या. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "जिच्या नावानं आम्ही जन्मभर बोटं मोडली, तिला तू मध घालून पोसतेस?" मी त्यांना सांगितलं की हिच्यामुळे कितीतरी उंदीर वाचतात. त्यावर म्हणाले, "मग पोस. कुणाच्या तरी कामी येऊ दे."

अळीला मर्यादा आहेत. तिला आपल्यासारखी शिकणारी प्रतिकारशक्ती नाही, मूत्रपिंड नाही, फुप्फुस नाही. वीस जातींतल्या कोणत्या तीन उंदरापर्यंत न्याव्यात एवढंच ती सांगू शकते. उरलेल्या सतरांसाठी उंदीर लागत नाहीत, हेच तिचं मोल.

उंदरालाही मर्यादा आहेतच. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल असतात, उंदरात ते बरेच कमी. कँडिडा त्याच्या आतड्यातली नाही, आपल्या आतड्यातली आहे. २००९ मध्ये टोकियोतल्या एका वृद्ध बाईच्या कानातून वेगळी काढलेली कँडिडा ऑरिस आता आपल्याकडच्या आयसीयूंमध्येही पोहोचली आहे. फ्लुकोनॅझोल तिच्यावर बहुतेक वेळा चालत नाही. पण धडधाकट उंदराला शिरेतून दिली तर तो अनेकदा ती सोसतो. त्याची प्रतिकारशक्ती उतरवली तरच ती खरी दिसते. फक्त निरोगी उंदीर बघणाऱ्याला ऑरिस सौम्य वाटली असती. प्राणी खोटं बोलत नाही, पण आपण विचारू तेवढ्याचंच उत्तर देतो.

२०२१ च्या मे महिन्यात नाना कोविडने आजारी पडले. मधुमेह जुना होता. ऑक्सिजन खाली गेला, दवाखान्यात स्टेरॉइड सुरू झालं, अँटिबायोटिक सुरू झाली, गळ्याच्या शिरेत नळी बसली. त्या दिवसांत टीव्हीवर काळी बुरशी, पांढरी बुरशी असा गोंधळ चालू होता. मी फोनवर औषधांची यादी ऐकत होते आणि डोळ्यांपुढे माझा जुना तक्ता येत होता. आजार उतरत आलेला असताना बाराव्या दिवशी पुन्हा ताप चढला. रक्ताच्या कल्चरमध्ये यीस्ट वाढली. कँडिडा ट्रॉपिकॅलिस, आपल्याकडच्या आयसीयूंत रक्तातल्या संसर्गात सर्वांत जास्त सापडणारी.

डॉक्टरांनी त्याच दिवशी गळ्यातली नळी काढली आणि एकायनोकँडिन गटातलं औषध शिरेतून सुरू केलं. हे औषध बुरशीच्या पेशीभित्तीवर घाव घालतं, ज्या भित्तीचे भाग काढत मी पाच वर्षं घालवली तीच ही भित्ती. रक्ताची कल्चर पुन्हा पुन्हा केली. बुरशी डोळ्यात गेलीय का हे बघायला नेत्रतज्ज्ञ आले. रक्त स्वच्छ झाल्यावरही पुढे चौदा दिवस औषध चालू ठेवलं. ते औषध कधीतरी आधी प्राण्यांवर आणि मग पेशंटवर तपासलेलं होतं.

नाना घरी आले तेव्हा त्यांचं वजन सोळा किलोंनी उतरलं होतं. अंगणात बसून त्यांनी मला विचारलं, "ती तुझी बुरशीच ना गं?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "पेटी दुबळी झाली होती." पुढे काही बोलले नाहीत. पावसाळा संपल्यावर त्यांनी पुन्हा चार पेट्या मांडल्या.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने माणसाला सर्वांत घातक ठरणाऱ्या एकोणीस बुरशींची यादी पहिल्यांदा काढली. कँडिडा अल्बिकन्स आणि ऑरिस दोन्ही तिच्या सर्वांत वरच्या गटात आहेत, ट्रॉपिकॅलिस त्याखालच्या गटात. बुरशीवरच्या औषधांचे मोजकेच गट आपल्याकडे आहेत, म्हणजे हे काम अजून बरंच चालणार आहे आणि त्यात प्राणीही लागणार आहेत. ज्या दिवशी लागणार नाहीत त्या दिवशी मला आनंद होईल, पण तो दिवस आलेला नाही.

आता माझ्याकडे विद्यार्थी येतात. पहिले पंधरा दिवस मी त्यांना सुई देत नाही. मामा निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेल्या ताईंबरोबर मुलं तूस बदलतात, बाटल्या भरतात, उंदीर धरायला शिकतात. मग मी प्रत्येकाला वही देते आणि विचारते, "तुझा प्रश्न एका वाक्यात लिही. त्याचं उत्तर प्लेटवर मिळेल का? अळीत मिळेल का? मिळणार नसेल तर किती उंदीर, कितव्या दिवसापर्यंत, आणि प्रयोग फसला तर त्यातून तरी काय कळणार?" कधी कधी हे लिहायला महिना जातो. तो जाऊ द्यावा.

या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला माझं एवढंच सांगणं आहे. घाईत मोजू नका. फसलेला प्रयोग लपवू नका, तो दुसऱ्या कोणाला तरी सापडेल अशा जागी लिहून ठेवा. आणि ते एक वाक्य लिहून होईपर्यंत पिंजऱ्याला हात लावू नका.